मच्छरदाणीत विणलेलं तोरण

उमेळे, वसई
१२ नोव्हेंबर १९९८

ती. मनोरमामावशीस,
सुरुचीचा सादर नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याबद्दल वाचलं. डॉक्टरांनी जिना कमी चढायला सांगितला असेल तर तू तो कमी चढत असशील यावर माझा विश्वास नाही, तरी काळजी घे. काकांचा खोकला कसा आहे? चिपळूणला थंडी पडली का? इकडे सगळे ठीक. बाबा निवृत्त झाल्यापासून वर्तमानपत्र सकाळी एकदा आणि दुपारी एकदा वाचतात. आई माझ्याशी बोलत नाही, त्याचं कारण पुढे येईल. दीपेश बरा आहे. (त्याच्याबद्दल तू पानभर विचारलं आहेस. उत्तर एवढंच.)

मला धक्का बसला आहे. हे वाक्य मी विचार करून लिहिते आहे, कारण तू मला ओळखतेस. दहावीचा निकाल, डिप्लोमाचा निकाल आणि दीपेशच्या घरचा होकार, तिन्ही वेळा मी फक्त ‘बरं’ म्हणाले होते. पण रविवारी जे झालं त्यानंतर मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे धरून नुसती उभी होते, आणि तो ट्रे माझ्या हातून कोणी घेतला हे मला अजून आठवत नाही.

साखरपुड्यात हंसाकाकू, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई, सगळ्यांदेखत काय म्हणाल्या होत्या ते तू ऐकलं आहेस. ‘आमच्यात नवरी सोताच्या हातचं तोरन आनते. तेच दाराला लागतं. बाकी रुखवतात काय ठेवायचं ते ठेवा.’ तू तिथेच माझ्या कानात म्हणालीस, ‘मी करून पाठवते गं, कोणाला कळणार आहे!’ आणि मी घरी आल्यावर तुला जे पत्र लिहिलं त्यात ‘फसवणूक’ हा शब्द होता. कारखान्यात मी व्हॉल्व्हची ड्रॉइंगं काढते. ज्याची सही, काम त्याचं, एवढं तिथे पक्कं शिकले आहे. तोरणाखाली माझं नाव लागणार असेल तर क्रोशाचा प्रत्येक खांब आणि प्रत्येक साखळी माझ्या हातची असली पाहिजे, असं मी ठरवलं.

आणि सुरुवात चांगली केली होती. आलेखाच्या कागदावर पूर्ण तोरण काढलं. दोन पोपट समोरासमोर, मध्ये आंबा, खाली पाकळ्यांची झालर. एक चौकोन म्हणजे एक खांब. माझ्या साहेबांनी तो कागद बघून हा कुठला गास्केट आहे असं विचारलं. ड्रॉइंगमध्ये सगळं होतं, फक्त मांजरं नव्हती. चूक तिथे झाली.

बेअरिंग आणि चकली ही भावंडं आहेत. (बेअरिंग हे नाव मी ठेवलं, तो कुठेही आवाज न करता फिरतो म्हणून. चकली हे आईने ठेवलं. ती दोघं कुठून आली हे तू मागच्या पत्रात विचारलंस. वाडीतून आली. कोणाच्या, ते भेटीत सांगेन.) सुती दोऱ्याचा गुंडा जमिनीवर ठेवला तर तो त्यांचा होतो, हे पहिल्याच संध्याकाळी समजलं. दोरा सोफ्याच्या पायाला, तिथून बाबांच्या आरामखुर्चीला, तिथून देव्हाऱ्याच्या दाराला असा फिरला होता. बाबा संध्याकाळी निरांजन लावायला उठले आणि खुर्ची त्यांच्या मागोमाग निघाली. तेव्हा मी उपाय केला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला भोक पाडलं, गुंडा आत, दोरा भोकातून बाहेर. तत्त्व बरोबर होतं. पण डबा गोल होता. चकलीने तो एकदा पंजाने ढकलून पाहिला आणि तिला आयुष्याचा अर्थ सापडला. खालच्या मजल्यावरचे सॅन्टन अंकल वर येऊन अतिशय सभ्यपणे म्हणाले, ‘सुरुची, तुमच्याकडे गिरणी लावली काय? नाही, दळण आणून द्यायला बरं.’

मग मला मच्छरदाणी सुचली. उमेळ्यात खाडीचे डास असल्यामुळे ती घरात असतेच. पलंगावर मच्छरदाणी लावायची, कडा गादीखाली खोचायच्या, आत मी, दोरा आणि तोरण, बाहेर मांजरं. आईने डोक्याला हात लावला. ‘अगं, लग्न ठरलेली मुलगी भरदुपारी पिंजऱ्यात बसते, लोक काय म्हणतील!’ पण पद्धत चालली. पहिला पोपट पूर्ण झाला. मांजरं बाहेर बसून माझा हात वर जाई तसं डोकं वर आणि खाली येई तसं खाली करत. मला वाटलं ती शिकताहेत. ती जागा हेरत होती. भिंतीतले खिळे मच्छरदाणीच्या वजनासाठी ठोकले होते. तिच्या छतावर उडी मारणाऱ्या दोन मांजरांचं वजन मी हिशेबात घेतलं नव्हतं. (मी! जी रोज दाबाच्या चाचण्यांचे आकडे तपासते!) खिळे आले, मच्छरदाणी आली, मांजरं आली, आणि सगळं माझ्या डोक्यावर. मी सुटेपर्यंत दुसऱ्या पोपटाचं डोकं उसवलं होतं आणि बेअरिंग उरलेलं तोरण घेऊन कपाटाखाली गेला होता. हात पोचेना. काठी घातली की तो तीही खेळायला घेई. रात्री तो झोपला की काढू, असं म्हणून मी सोडून दिलं, आणि ते तिथेच राहिलं.

ते बघून आईचा धीर सुटला. शनिवारी मी कारखान्यात असताना ती विरारच्या एका प्रदर्शनातून तयार तोरण घेऊन आली. मला काही बोलली नाही.

आणि रविवारी हंसाकाकू न सांगता आल्या. बरोबर थोरली सून संजना, म्हणजे माझी होणारी जाऊ, आणि केळीच्या सोपात बांधलेली सुकेळी. मी चहा टाकायला आत गेले. ट्रे घेऊन बाहेर आले तर टीपॉयवर एक पांढरंशुभ्र तोरण पसरलेलं आणि आई म्हणते आहे, ‘सुरुचीनेच केलं हो, ऑफिस सांभाळून.’ मावशी, माझ्या ड्रॉइंगमध्ये पोपट समोरासमोर आहेत. त्या तोरणात दुसरा पोपट पहिल्याकडे पाठ करून बसला होता. मी म्हणाले, ‘हे माझं नाही.’ (आई बोलत नाही ती यासाठी.) पण माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. हंसाकाकू त्या पोपटाकडे बघत होत्या. डोळे एवढे मोठे. मग म्हणाल्या, ‘आमच्या दारावरचा पोपट हितं कसा आला?’

संजनाला ठसका लागला, आणि चहा तर अजून कोणी घेतला नव्हता.

मला नंतर कळलं ते तुला आत्ताच सांगते. संजनाच्या लग्नापासून त्यांच्या दाराला अगदी असंच तोरण आहे. पाठ फिरवलेल्या पोपटासकट. हंसाकाकू ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. ‘नवी पोर, चुकली. पन चूक तिची सोताची हाय. इकतचं असतं तं चुकलं असतं काय?’ आता ती चूक टीपॉयवर होती, धुतलेली आणि इस्त्री केलेली, आणि कोपऱ्याला किमतीची चिठ्ठी.

त्याच क्षणी बेअरिंग कपाटाखालून उलटा चालत बाहेर आला. तोंडात माझं तोरण. धूळ, केस, एक पोपट डोक्याशिवाय, झालरीला दातांची भोकं. त्याने ते ओढत नेऊन हंसाकाकूंच्या पायावर ठेवलं आणि बाजूला बसला. आईने डोळे मिटले. मी मनात लग्न मोडल्याचं पत्र कसं लिहायचं ते ठरवू लागले, कारण असं पत्र मलाच लिहावं लागलं असतं, आणि खरं सांगायचं तर मला ते लिहायचं नव्हतं.

हंसाकाकूंनी तोरण उचललं. झटकलं. प्रत्येक खांबावरून बोट फिरवलं. ‘ह्यो पोपट कोंबडीसारका दिसतो,’ म्हणाल्या. मग मांजराकडे वाकून पाहिलं. ‘आनि ह्यो तर आमच्या वाडीतला बोका. दीपेशनं आनून दिला काय? कवा?’

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. तो आठवडाभरातला पहिला प्रसंग.

निकाल असा लागला. माझं तोरण, दातांच्या भोकांसकट, लग्नात पुढच्या दाराला लागणार. डोकं मात्र मी घालायचं. आणि संजनाने लग्नाच्या आधी नवं तोरण करायचं, सोताच्या हातचं, ते मागच्या दाराला. चहा थंड झाला होता तो सगळ्यांनी प्यायला. जाताना हंसाकाकूंनी बेअरिंगला सुकेळीचा तुकडा देऊ केला. त्याने हुंगून परत केला.

तेव्हा मावशी, तू काही करून पाठवू नकोस. माझं तोरण माझ्या हातचं आहे आणि ते पास झालं आहे. लग्नाला चार दिवस आधी ये, जिना आमच्याकडेही आहे हे लक्षात ठेवून. काकांना नमस्कार. आईला स्वतंत्र पत्र लिही, तिला बोलायला कोणीतरी हवं आहे.

तुझी,
सुरुची

ता. क. काल संजना आली होती. ‘सुरुची, प्लीज यार, मला साखळीच्या पुढे काही येतच नाही गं,’ म्हणत रडली. मी शिकवून पाहिलं. तिची साखळी चकलीने नेली आणि तिला हायसं वाटलं. मला तिच्याबरोबर एका घरात जन्म काढायचा आहे. तेव्हा मागच्या पत्रातला ‘फसवणूक’ हा शब्द मी मागे घेते. एक तोरण करशील का? तुझा हात साफ आहे, हीच अडचण आहे. हंसाकाकू आता बोटाने तपासतात. म्हणून सोबत ड्रॉइंग जोडलं आहे. चुका लाल शाईने दाखवल्या आहेत. त्या कृपया दुरुस्त करू नकोस. विशेषतः डाव्या पोपटाची चोच.

आणखी ता. क. तुझ्याने चुका होतच नसतील तर तसंच पाठव. इथे बेअरिंग बघेल. त्याचं काम हंसाकाकूंनी पास केलेलं आहे.