लॉग वाढवा म्हणालो होतो

३० जाने. ७९, मंगळवार. इस्लामपूर
कॉम्प्युटर आज पुन्हा बसला. कारखान्याच्या काट्यावरचं उसाचं प्रत्येक वजन आधी लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत उतरतं, मग सभासदाच्या खात्यावर जातं. लॉग भरला की हे महाशय काहीच घेत नाहीत. मग काटा बंद, आणि बैलगाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत.
एक गाडीवान खिडकीशी आला. "आवं सायेब, ऊस वाळाय लागला. तुमच्या यंत्राला कवा जाग यायची?"
अध्यक्षांचा निरोप: हे थांबलं नाही तर कुणीतरी घरी जाईल. कॉम्प्युटरच्या खोलीत माणसं दोनच. मी, नाही तर ऑपरेटर वसंतराव.

३१, बुधवार
पुन्हा तेच. डिस्क, व्होल्टेज, पंख्याची जाळी, सगळं तपासलं. ठीक. जुन्या नोंदी पुसून थोडी जागा केली, कसाबसा दिवस ढकलला.
वसंतरावांना विचारलं, संध्याकाळी लॉग वाढवता ना?
"रोज वाढवतो की. एक दिस चुकलो न्हाई."
माणूस रहिमतपूरचा, घरचं किराणा दुकान भावाला देऊन इथं आलेला. खोटं बोलणारा नाही. मग वाढवलेली जागा जाते कुठे? डोकं चालेना.
साताऱ्यात वडिलांनी गल्लीभर सांगून ठेवलंय, पोरगा कॉम्प्युटरवर आहे म्हणून. भीती वाटते.

१ फेब्रु., गुरुवार
सापडलं. दिवेलागणीला वसंतरावांच्या मागे उभा राहिलो. त्यांनी यंत्राला नमस्कार केला आणि लॉग बंद करायची आज्ञा दिली. म्हणजे सकाळी तोच भरत आलेला लॉग उघडतो आणि दुपारी गच्च.
"अहो, वाढवा म्हणालो होतो."
"मग वाढवलाच की. दुकान वाढवतो तसा. तिन्हीसांजेला 'बंद केला' कसं म्हणायचं?"
आधी हसू आलं, मग घाम फुटला. माझं वाढवणं म्हणजे जास्त जागा देणं, त्यांचं म्हणजे कुलूप लावणं. सगळा हंगाम दोघं एकमेकांशी शुद्ध मराठीत बोलत होतो.
जागा मीच वाढवली.

२ फेब्रु., शुक्रवार
दिवसभर काटा चालला. अध्यक्षांना सगळं सांगितलं. हसले नाहीत.
"म्हंजे चूक शब्दाची. पर शब्दाला कामावरनं काडता येत न्हाई. संचालकांना नाव पायजे. सोमवारी द्या."
वसंतरावांना सांगितलं. "बरं" म्हणाले, डबा उघडला, जेवले नाहीत.

५ फेब्रु., सोमवार
काल दिवसभर तोच विचार. त्यांना परत जायला दुकान राहिलं नाही. मला दुसरी नोकरी मिळेल, पण ती शाळेत नाही तर बँकेत. कॉम्प्युटर या मुलखात हा एवढाच, आणि मला तो सोडवत नाही. लाज वाटते, पण आहे ते असं आहे.
सकाळी नाव ठरवलं. माझं नाही.
अध्यक्षांच्या खोलीपाशी गेलो तर शिपाई म्हणाला, "थांबा जरा. वसंतराव मगाधरनं आत बसल्यात."
बाहेर बाकावर बसून लिहितोय. आतून आवाज येतोय, शब्द कळत नाहीत. माझं नाव सांगताहेत की त्यांचं? त्यांचंच सांगत असतील, तर ते बाहेर आल्यावर मी कुठल्या तोंडानं—