अंडं झालेलं चाक

प्रिय खारूताई,

मी मजेत आहे, गुडघा त्याच्या मर्जीने आहे. आणि ऐक, तुझ्या आजीने ह्या वयात भूमिती सुरू केलीय! हसू नकोस. तू मागे ठेवून गेलेला कॉम्प्युटर आता जेवणाच्या टेबलावर आलाय, आणि त्यातल्या तुझ्या त्या गणिताच्या प्रोग्रामवर आम्ही रोज संध्याकाळी बसतो. आम्ही म्हणजे मी आणि तुझा बाप. हो, तोच! तू गणित शिकायला निघालीस तेव्हा, रेघा मारून कुणाचं पोट भरलंय, म्हणून ओरडलेला. विचारलं तर म्हणतो, मशीन पडून राहिलं की बिघडतं, म्हणून चालवतो. दुकानात धूळ खात पडलेल्या सायकलींना हा नियम नाही, पण मी कशाला बोलू?

मला त्यातलं निम्मं कळत नाही. एक आडवी रेघ, एक उभी, आणि प्रत्येक ठिपक्याला दोन आकडे, घराला पत्ता असावा तसे. इथवर पोचले. पण एक्स म्हणजे किती, हे कुणी सांगेल तर शपथ! तुझा बाप म्हणतो, आई, तो काहीही असू शकतो. काहीही असू शकणाऱ्याला मी घरात घेत नसते. वर्ग म्हणजे मला शाळेतलाच ठाऊक, तोही तिसरीपर्यंतचा. शिवाय एखादा कंस राहिला की ते मशीन लाल अक्षरांत खेकसतं, आणि तुझा बाप त्याच्यावर उलट खेकसतो. तू गेल्यापासून घरात भांडणाचा आवाजच नव्हता गं, मला इतकं बरं वाटलं! शेजारच्या नर्सबाईंनी मांजर पाळलंय, ते परवा बटणांवरून चालत गेलं, तर त्यालाही तशीच लाल अक्षरं मिळाली. म्हणजे आम्ही तिघं एकाच वर्गात.

तर वर्तुळ काढायला घेतलं. एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग बरोबर पंचवीस. तुझ्या पुस्तकात गोल आहे, आमचं आलं अंडं! आडवं, लांबुडकं. मी डब्याचं झाकण स्क्रीनला लावून पाहिलं, अंडंच. मग तुझ्या बापाने एक तिरकी रेघ टाकून मशीनला विचारलं, ही त्याला कुठे छेदते? मशीनने दोन जागा सांगितल्या. त्याने कागदावर ताडून पाहिल्या, तिनाचे नऊ, चाराचे सोळा, झाले पंचवीस. म्हणजे हिशेब खरा आणि चित्र खोटं? असं कसं असेल? जन्मभर आऱ्या आवळून वाकड्या चाकांचा आऊट, म्हणजे बाक, काढलेला माणूस, स्क्रीनकडे बघून म्हणतो, आता ह्याला पान्हा लावू कुठे?

काल दुकानात गणिताचे मास्तर पंक्चर काढायला आले. मी आपली अंड्याची गोष्ट काढली. ते हसले, म्हणाले, अहो, सोपं आहे, दाखवतो की. तुझ्या बापाने हातातलं चाक खाली ठेवलं आणि म्हणाला, नको, माझी मुलगी सांगेल. मास्तर गेल्यावर मी म्हटलं, मग विचार ना तिला. तर कान लाल करून पंप मारत बसला, आधीच टच्च भरलेल्या चाकात.

म्हणून हे पत्र, त्याला न सांगता. फोनवर बोलता येत नाही, कारण तुझा फोन आला की तो माझ्या खांद्याशी उभा असतो. ती जेवली का विचार, म्हणून कुजबुजतो. तू तिकडून म्हणतेस, त्यांना सांग, जेवले. मी काय पोस्टमन आहे? रविवारी फोन कर. मी उचलणार नाही, माझे हात साबणात असतील. तो उचलेल. मागचं काही काढू नकोस, चाक गोल कसं करायचं तेवढं सांग. आणि सावकाश सांग हो. पटकन कळलं, तर पटकन ठेवून देईल.

अंड्यासमोर बसलेली, तुझीच,
आजी