निळ्या फाईलमधला मसुदा

४ जून

चि. टिंगूस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या खुर्चीवर तू बसलीस हे ऐकून तुझ्या आईपेक्षा मलाच जास्त रडू आलं. फोन मुद्दामच केला नाही. सत्तावीस वर्षं फोनवर दुसऱ्याच्या वतीने बोलले. घरच्या माणसाशी पत्रातच बरं वाटतं.

आता नीट वाच. साहेबांचा जादा चष्मा डावीकडच्या खणात. रक्तदाबाची गोळी अकराला, त्यांनी मागायच्या आत. ‘साहेब नाहीत’ असं कधी म्हणायचं नाही, ‘बैठकीत आहेत’ म्हणायचं. कानावर आलेलं पोटात ठेवायचं. निळी फाईल जप, तिच्यात सांत्वनपत्रांचे मसुदे आहेत. गेलेल्या माणसाची एक तरी खासगी आठवण त्यात घालायची, म्हणजे वाचणाऱ्याला वाटतं की साहेबांनी स्वतः बसून लिहिलंय. आणि एक पक्कं लक्षात ठेव: आपल्या घरचं काम साहेबांच्या डायरीत घुसवायचं नाही. मी एकदाही घुसवलं नाही.

काकांची तब्येत तशीच. डॉक्टर हल्ली माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघतात. हे मात्र खुशीत आहेत. माझ्या निरोप समारंभात साहेब सगळ्यांसमोर म्हणाले ना, की तुमच्या यजमानांना भेटायला घरी येणार! रोज संध्याकाळी ऑफिसच्या फाटकाबाहेर स्कूटर लावून ज्याच्यापायी ताटकळलो, त्याला एकदा बघायचंय म्हणतात. सवतीचं तोंड तरी पाहू दे, म्हणतात.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
मावशी


१९ जून

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

साहेब अजून मला तुझ्याच नावाने हाक मारतात आणि मीही ओ देते. काल घरी बाबांना फोन आला, तर माझ्या तोंडून ते बैठकीत आहेत असं निघून गेलं. बाबा आंघोळ करत होते. आई म्हणाली, एक बहीण त्या ऑफिसला दिली ती पुरे नव्हती का.

गोळी अकराला, चष्मा डावीकडे, सगळं तू सांगितलंस तसंच. टंकलेखक म्हणतात, खुर्ची बदलली नाही, नुसती उंची कमी झाली. काकांना सांग, त्यांच्या स्कूटरवर पुढे उभी राहणारी टिंगू एक दिवस येऊन जाईल. रजेचं एवढ्यात विचारवत नाही.

काकांना नमस्कार.

तुझी,
टिंगू


३ जुलै

चि. टिंगूस,
आशीर्वाद.

रोज चार वाजता हे इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसतात. सहा वाजले की मी बटणं काढते. काल म्हणाले, तुझा माणूस भलताच बैठकीत दिसतो.

साहेबांची आमच्याकडची तारीख कधीची आहे? घाई करत नाही, नुसतं कळव. डॉक्टर महिन्याच्या पुढचं बोलत नाहीत.

मावशी


९ जुलै

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. डायरीत तारीख नव्हतीच. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी दोनदा डायरी उघडली आणि दोनदा मिटली. घरचं काम घुसवायचं नाही, असं तूच लिहिलं होतंस. वाटलं, मावशी माझी परीक्षा बघतेय. साहेबांना आठवेल ते आपणहून.

त्यांना आठवत नव्हतं. आज मी विचारलं, तर लगेच हो म्हणाले, आधी का नाही सांगितलं म्हणून माझ्यावरच चिडले. गुरुवार, सतरा तारीख, संध्याकाळी पाच. शाईने लिहिलंय. काकांना शर्ट घालायला सांग.

मला माफ कर.

टिंगू


२५ जुलै

चि. टिंगूस,
आशीर्वाद.

हे गेले त्या मंगळवारी सकाळी तू आलीस, काकांच्या पायांशी उभी राहिलीस आणि दोनदा घड्याळ पाहिलंस. माझ्या आईच्या वेळी मीही असंच पाहिलं होतं, म्हणून नजरेतून सुटलं नाही.

गुरुवारी पाच वाजता मी दाराकडे तोंड करून बसले होते. आता कुणी येण्यात काही अर्थ नव्हता. तरी बसले. तारीख तू रद्द केलीच असणार. कामाला चोख आहेस.

काल साहेबांचं सांत्वनपत्र मिळालं. तिसरा मसुदा, माझाच. एक ओळ तेवढी नवी: ‘फाटकाबाहेर स्कूटर लावून आपली वाट पाहणारे आपले यजमान माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.’ साहेबांची गाडी कायम मागच्या दाराने जायची. ती स्कूटर त्यांनी जन्मात पाहिली नाही. तू पाहिलीस.

वाचून मी रडले, म्हणजे मसुदा जमलाय. मग वाटलं, अशी किती घरं मी रडवली असतील, आणि त्या सगळ्यांनी ते कागद जपून ठेवले असतील.

तुझ्यावर राग नाही. तू माझं ऐकलंस, एवढंच सलतं. यांचं नाव त्या डायरीत मीच एकदा तरी लिहायला हवं होतं.

साहेबांच्या नावाने आभाराचं पत्र सोबत ठेवलंय. त्यांच्यापुढे नेऊ नकोस, ते वाचत नाहीत. आवक वहीत नोंद कर आणि फाईलला लावून टाक.

मला पुन्हा लिहिशील तेव्हा खाली तुझंच नाव असू दे. लोभ उरला असेल तेवढा राहू दे.

मावशी