गॉगलशिवायचा हितेश

३ फेब्रुवारी
१२ तारखेला हितेशचं वर्षश्राद्ध. भिंतीवर अजून तोच फोटो — जितेश भावजींनी वाढदिवसाच्या बॅनरवरून काढून घेतलेला. गॉगल, गोरापान चेहरा, मागे निळं आकाश. नवरा माझा, पण ओळख पटत नाही! वर्षभर तोच बघून बघून त्याचा खरा चेहरा पुसट व्हायला लागलाय. वाईट वाटायला हवं. काहीच वाटत नाही.

४ फेब्रुवारी
पायलकडून, नणंदेकडून, व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो मागवला. सोनिवलीच्या शेतात, बनियनवर, हसतोय. घरच्या प्रिंटरवर काढला. डोळ्यांच्या जागी नुसते चौकोन.

सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं. "यो नाय माझा हितेश." गेल्या. मी भांडी घासली.

६ फेब्रुवारी
कॅम्प १ च्या बाजारातून फोटोपेपर आणला. दुकानदार बजावत होता, "भाभी, चमकवाली साइड पे ही छापना." छापला — खडबडीत बाजूवर! नाक शाईत वाहून गेलं. बघत बसले.

९ फेब्रुवारी
पायलला म्हटलं, डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे फोटो फाटून चौकोन होत नाहीत. "वहिनी, तू स्टुडिओच टाक!" मी हसले बहुतेक.

प्रिंटरच्या सेटिंगला साधा कागद होता, तो बदलून ग्लॉसी केला. आता स्पष्ट आला, पण गोरा. आनंदनगरच्या कारखान्यात भट्टीपुढे राबणारा माणूस, तव्यासारखा काळा! फोटोतला उजेड कमी करत बसले. कागद संपत आले.

१० फेब्रुवारी
आला! भुवईतली चीरसुद्धा. हात न लावता वाळत ठेवला. सासूबाई कितीतरी वेळ समोर उभ्या, पदर तोंडाला. "यो. यो माझा." मलाही रडू येईल वाटलं. नाही आलं. भात लावला.

१२ फेब्रुवारी
विधी झाले. नवा फोटो लागला. भावजी म्हणाले, "गॉगलवाला कडक होता."

१३ फेब्रुवारी
सासूबाई माझी हिरवी साडी कपाटातून काढून घेऊन आल्या. "नेस. आता तुजा एक काढ, असाच चांगला. माझ्या भावाच्या वलखीत एक मानूस हाय, बायको वारलेली. त्याला दावायचाय." मी नको म्हटलं. आई, असं काय बोलता, म्हटलं. त्यांनी साडी माझ्या मांडीवर ठेवली.

"हितेश गेला गो. तू नाय गेलीस."

रडले. शेजारच्या द्रौपदीकाकू धावत येईपर्यंत रडले.