स्वयंपाकघरातलं एक मिनिट

दादा,

आई गेल्यावर तू फोनवर विचारलंस, "माहितीपटासाठी घरात एवढं रेकॉर्डिंग केलंस, तिचा आवाज असेलच ना?" मी "शोधते" म्हणाले. खोटं बोलले.

घर सोडून नव्याने संसार मांडणाऱ्यांवरच्या त्या फिल्मच्या ध्वनिमुद्रणाचं काम माझ्याकडे होतं. आईची मुलाखत राहूनच गेली. घरचंच माणूस, कधीही घेऊ म्हटलं. आम्ही प्रत्येक खोलीची मिनिटभर शांतताही टिपतो, बोलण्यामधल्या फटी बुजवायला. आपलं घर रिकामं करायच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात तीच टिपत होते. वाऱ्याने दार वाजलं आणि आई म्हणाली, "आला का गं दादा?"

तू घर सोडून सात वर्षं झाली होती. मी खेकसले, "आई, एक मिनिट तरी गप्प बसशील?" तो तुकडा पुसला आणि पुन्हा सुरुवात केली.

आता तेवढं एक मिनिट उरलंय. फ्रिजची घरघर, नळाची टपटप. रोज हेडफोन लावून ऐकते. हे पत्र पाठवायचा धीर नाही, आणि ते मिनिट तरी तुला कुठल्या तोंडाने पाठवू? आई आहे रे त्यात. स्टुलावर बसलीये, माझं ऐकून गप्प.

तुझी,
धाकटी