कप्तानबाईंचं मरण आणि तुझी सोयरीक

इंदिरानगर, नाशिक

चि. सार्थक,

सोमनाथमामाचे भरभरून आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, तुझी मामी जिना न चढताही कुरकुरते. तू मुंबईत वेळेवर जेवतोस ना? (तुझी मालिका पाहून तसं वाटत नाही.)

रविवारी स्नेहलच्या घरचे दिंडोरीहून आमच्याकडे जेवायला आले होते. तुमची दोघांची पसंती झालेलीच होती. राहिली होती ती तिचे द्राक्षबागायतदार वडील वाल्मीकराव आणि आजी भागीबाई यांची. मुलगा अंतराळातल्या गोष्टी लिहितो म्हणजे नेमकं काय करतो, असं वाल्मीकरावांनी श्रीखंड खाताखाता विचारलं. तुझ्या आईने अभिमानाने टीव्हीकडे बोट दाखवलं, रिमोट माझ्या हातात दिला आणि ती आवरायला आत गेली.

आता माझी बाजू ऐक. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होतो तेव्हा अंतराळाच्या मालिका कशा सरळ असत! दर आठवड्याला यान नव्या ग्रहावर उतरायचं, तिथे भानगड व्हायची, अर्ध्या तासात मिटायची आणि पुढच्या आठवड्यात यानातल्या कुणालाही ती आठवायची नाही. कामाच्या पाळीमुळे एखादा भाग चुकला तरी काही बिघडत नसे. मग एकच गोष्ट सगळ्या भागांतून धावू लागली. एक भाग चुकला की अनोळखी लग्नात जेवायला बसल्यासारखं वाटायचं. आणि आता तुम्ही मंडळी! तुझी कप्तानबाई पहिल्याच भागात मरते, मग आपण मागे मागे जात शेवटच्या भागात ती पृथ्वीवरून निघते तिथे पोचतो. पाहुण्यांना हे झेपायचं नाही, या सद्हेतूने मी शेवटचा भाग आधी लावला आणि पहिला नंतर. (वेळ दोनच भागांपुरता होता.)

गोष्ट सगळ्यांना नीट समजली, आणि तिथेच घात झाला. कप्तानबाई हसत, बापाला हात हलवत यानात चढली. भागीबाईंना ती फार आवडली. अर्ध्या तासाने ती मेली. भागीबाईंनी डोळ्यांना पदर लावला तो काढेचनात. सोयरीक जुळवायला आलेली माणसं सुतकाला बसल्यासारखी दिसू लागली.

"असलं ज्याला सुचतं, त्याच्या घरी मी पोर द्यायची?" वाल्मीकराव म्हणाले.

तेवढ्यात स्नेहल उठली. (अंबडच्या कारखान्यात पोरगी एवढाली यंत्रं सांभाळते, तिथे माझी काय कथा!) "मामा, तुम्ही तिला उगाच मारलंत," म्हणाली आणि तिने शेवटच्या भागातला शेवट पुन्हा लावला. कप्तानबाई पुन्हा यानात चढली, पुन्हा तिने हात हलवला, पडदा काळा झाला.

"मंग ती जित्ती हे का मेली?" भागीबाईंनी विचारलं.

"मेली, आजी. पण आपण तिचा निरोप घेतो तेव्हा ती जिवंत असते. त्यानं तेवढ्यासाठीच उलटं लिहिलंय."

भागीबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढला. मग म्हणाल्या, "तुझा आजा बी मला आठवतो तो टॅक्टरवर बसलेला. दवाखान्यातला नाय आठवत."

वाल्मीकरावांनी आपल्या आईकडे पाहिलं. शेवटी त्यांनी लेकीला विचारलं, "हा माणूस घरी काय बोलतो, ते तरी कळंल का तुला?"

"कळेल," ती म्हणाली. इतकं साधं म्हणाली, की मामीने कुणाला न विचारता पेढे काढले.

तेव्हा अभिनंदन!

तुझा,
सोमनाथमामा

ता. क. वाल्मीकरावांची आता एकच हरकत आहे. तुझ्या यानात मांडवावर द्राक्षं लोंबतात, पण छाटणी करताना कुणीच दिसत नाही. पुढच्या हंगामात सुधारा म्हणाले. (मालिकेच्या की द्राक्षांच्या, ते विचारायचं राहिलं.)

आणखी एक. पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. भागांची अदलाबदल तुझ्या आईला ठाऊक नाही. तिने तुझी मालिका कधी पाहिलेलीच नाही. सुरुवातीला तुझं नाव येऊन गेलं की डोळे पुसून उठते. पाहुण्यांना तुझ्या लिखाणाने रडवलं, अशी तिची पक्की समजूत आहे आणि ती फोनवर तुला फैलावर घेणार आहे. तू फक्त "चुकलं" म्हण. स्नेहलने गप्प राहायचं कबूल केलंय. अट एवढीच, की लग्नात व्हिडिओवाल्याला मी एकही सूचना द्यायची नाही.