सावलीला पाणी जास्त

प्रिय मोजपट्टी,

या नावाने हाक मारायचा हक्क राहिलाय की नाही, मला ठाऊक नाही. पण ‘प्रिय’च्या पुढे तुझं खरं नाव लिहिलं तर बँकेचं पत्र वाटतं, म्हणून हेच. मी तुला मोजपट्टी म्हणायचे आणि तू मला विसरभोळी. गेल्या सव्वा वर्षात तू मला एकदाही तसं म्हटलं नाहीस. असो. तुझं तीन ओळींचं पत्र मिळालं. रविवारी येतोयस. घरातलं बाकी सगळं मी ठेवावं, तुला फक्त मुंगीची पाण्याची बाटली न्यायचीय, आणि ती उघडलेली नसावी. त्या बाटलीबद्दलच मला सांगायचंय. पण सरळ मुद्द्यावर यायला मला कधी जमलंय? चार गल्ल्या फिरून येते, तू वाचत राहा.

मी चार महिन्यांपासून पुन्हा चित्रकला शिकवतेय. आपल्या मुंगीची शाळा नाही, बस डेपोमागची. मुख्याध्यापिका फोनवर इतक्या जपून बोलत होत्या की मलाच त्यांची कीव आली. पहिलीची सोळा मुलं आहेत. आपली मुंगी गेली तेव्हा जेवढ्या वयाची होती, बरोबर त्याच वयाची. सगळ्यांना वाटलं होतं, मला झेपणार नाही. झेपतं. काही वाटतच नाही, तर झेपायला काय जातंय? दाढ काढल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं आहे. बोट लावलं की कळतं, आहे तिथेच आहे, पण कुणा दुसऱ्याचा असावा तसा. मी वेळेवर उठते, जेवते, बस पकडते, पेन्सिलींना टोकं काढते.

डोंगर, झोपडी आणि मधून उगवणारा सूर्य मी पहिल्या दिवशीच बंद केला. आम्ही वस्तुचित्र करतो. टेबलावर जुनी चादर टाकायची आणि घरातलं काहीबाही मांडायचं: इस्त्री, कांदा, कुलूप, गाळणी, तुझी मागे राहिलेली एक चप्पल. (हो, एकच. दुसरी तुझ्याकडे असेल तर सांग.) नियम असा की माहीत आहे ते काढायचं नाही, दिसतंय ते काढायचं. सहा वर्षांच्या पोरांना हे पटवणं म्हणजे नुसती डोकेफोड. कपाचा कान मागे वळवून ठेवला तरी सोळाच्या सोळा कपांना कान. एका मुलीचं नाव मी प्रश्नपत्रिका ठेवलंय. तिला विचारलं, तुला तो कान दिसतोय का. तिचं म्हणणं, दिसत नाही, पण आहे ना, नाही काढला तर कप उचलणार कसा. कांद्याला तर डोळे आणि मिशा असतातच. आणि सावली म्हणजे काळंकुट्ट डबकं. मी रोज घसा कोरडा करते की बाळांनो, सावली काळी नसते, सावलीला रंग कमी आणि पाणी जास्त. आता मी नुसतं ‘सावलीला’ म्हटलं की सगळी ओरडतात, पाणी जास्त. मुंगी असती तर तिने यावर नाच बसवला असता. हे मी अगदी कोरड्या डोळ्यांनी लिहितेय.

गेल्या मंगळवारी मी बाटली शाळेत नेली. फ्रिजवरून हलवणार नाही असा तुला शब्द दिला होता, तरी नेली. का, ते नीट सांगते. सव्वा वर्ष मी त्या बाटलीकडे बघतेय आणि मला फक्त माहीत असलेलंच दिसतं. म्हटलं, पोरांना सांगते ते एकदा स्वतः करून बघावं. तिला कांदा आणि कुलपाच्या मधे ठेवलं आणि कागद घेऊन मुलांच्या बाकावर बसले, गुडघे हनुवटीला लावून. निळी स्टीलची बाटली. बुडाशी पोचा. झाकणाचा रंग दोन ठिकाणी उडालेला. डाव्या कडेला उजेडाची उभी पट्टी. एवढंच दिसलं, तेवढंच काढलं. बरं वाटलं असं म्हणणं जास्त होईल, पण दहा मिनिटं ती नुसती बाटली होती.

नाहीतर ती सकाळ असते. तू भरायचास आणि मी दप्तरात ठेवायचे, अशी वाटणी होती. तू गळ्याखाली बरोबर दोन बोटं जागा सोडायचास आणि ती कारटी स्वतःची बोटं आत घालून तपासायची, तुझीच पोर. त्या दिवशी तू भरलीस आणि मग आपण पडद्यांवरून भांडत बसलो. पडद्यांवरून! बाटली चपलांच्या कपाटावरच राहिली. अकराला शाळेतून फोन आला, मधल्या सुट्टीत मैदानावर कोसळली म्हणून. हृदयात जन्मापासून दोष होता, पाण्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तू मान हलवलीस. तू मला एका शब्दाने बोलला नाहीस. बोलला असतास तर फार बरं झालं असतं. तू बाटली तशीच भरलेली, पुसून फ्रिजवर ठेवलीस आणि महिन्याभरात बदली मागून घेतलीस.

मंगळवारी शाळेची टाकी धुवायला काढली होती. ऐन रंगवण्याच्या वेळी नळ कोरडे. प्रश्नपत्रिका रिकामा डबा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली की सावलीला पाणी नाही. मी टेबलावरून बाटली उचलली, झाकण दाबून उलटं फिरवलं. ते दाबल्याशिवाय फिरत नाही, मुंगीला जमायचं नाही म्हणून घरी मीच उघडून द्यायचे. हाताला सवय आहे. चार डब्यांत सारखं ओतलं. वर शेवटचे थेंबही झटकले. झाकण लावताना बाटली हलकी लागली, तेव्हा मला कळलं. मी ओरडले नाही, डबे परत मागितले नाहीत. उभी राहून बघत होते. सोळा जणांनी सावल्या रंगवल्या आणि त्या दिवशी एकाचीही काळी झाली नाही. काल मी बाटली घरच्या नळाखाली धरून भरली, गळ्याखाली दोन बोटं सोडून. तुला कधीच कळलं नसतं. मग ओतून टाकली आणि हे पत्र लिहायला बसले. ती दप्तरात ठेवायची होती मी, आणि मी विसरले. हे आजवर तू बोलला नाहीस, मीही नाही. आता मी लिहिलं. रविवारी आलास तर बाटली रिकामी मिळेल. पाणी हवं असेल तर ते चित्रांत आहे, कांद्याच्या, कुलपाच्या आणि तिच्या बाटलीच्या सावलीत. सोळाही चित्रं मुलांकडून मागून आणलीत आणि तिच्या खोलीत दोरीला लावलीत. ती बघायला ये. किंवा मला बोलायला ये, जे काय बोलायचं राहिलंय ते सगळं. फक्त काही न बोलता बाटली उचलून जाऊ नकोस.

तुझीच,
विसरभोळी